जमिनीपासून कोपरापर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

आज सकाळी साडेनऊला कंत्राटदार आला. बरोबर एक गवंडी आणि दोन गडी. अकरापर्यंत स्वयंपाकघर रिकामं झालं. भांडी माझ्या खोलीत, डबे पलंगाखाली, फ्रिज बाहेरच्या खोलीत दाराआड. तीन वाजता जुन्या ओट्याचा दगड काढला. तो अखंड निघाला. पाचला माणसं गेली. मग मी खुर्चीवर छोटी शेगडी ठेवून चहा केला आणि पलंगावर बसून प्यायले.

एवढंच कळवायला बसले होते. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर मी काय बोलेन, तेही मला माहीत नाही. पत्रात निदान मध्येच थांबता येतं.

कंत्राटदार तोच आहे, चार वर्षांपूर्वी तू पाठवलेला. आईनं त्याचं नाव 'होऊन-जाईल' ठेवलं होतं, आठवतं? "नळ इकडे घेता येईल का हो?" "होऊन जाईल." "आणि धूळ फार होईल का?" "होऊन जाईल." अजून तसाच बोलतो. केस तेवढे गेलेत.

तेव्हा ते काम झालं नाही. आईला नको आहे, असं मी तुला कळवलं होतं. मग आता मी ओटा कशाला फोडते आहे, असं तुला वाटेल. मलाही आज तो दगड भिंतीला टेकवून ठेवलेला पाहिला तेव्हा वाटलं.

तो बाबांच्या मापाचा होता. घर बांधताना बाबा गवंड्यापुढे ताठ उभे राहिले आणि पोटाशी हात धरून "इथपर्यंत" म्हणाले. त्या ओट्यावर त्यांनी जन्मात एक कप विसळला नाही. छत्तीस इंच. आई चाळीस वर्षं त्याच्यापुढे लाकडी खोक्यावर उभी राहिली आणि गेल्या वर्षी जानेवारीत त्या खोक्यावरूनच पडली. पुढचं तुला ठाऊक आहे.

गड्यानं खोकं उचलून विचारलं, "हे टाकायच्या ढिगात ना?" मी ते घेऊन माझ्या पलंगाखाली सरकवलं.

सप्टेंबरात आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलीस. जाताना दारात, चपला घालत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आईनं तेव्हा ऐकलं असतं तर." मी तुझी पिशवी उचलून दिली. त्या वाक्यावर मला तुला काही सांगायचं आहे. आज नाही जमणार.

कंत्राटदारानं आल्या आल्या आईची चौकशी केली. मी उत्तर दिलं आणि तो कामाला लागला.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

दारात त्यांनी प्लास्टिकचा पडदा लावला आहे, धूळ बाहेर येऊ नये म्हणून. बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली की तो आत ओढला जातो आणि मग सावकाश फुगतो. पलीकडे माणसं हलतात ती पाण्याखाली असल्यासारखी दिसतात. धूळ यायची ती येतेच. माझ्या चष्म्यावर, उशीवर, दुधावर. काल पुस्तकाच्या कपाटावर बोट फिरवलं तर मागे पांढरा रस्ता उमटला. पुसायचा कंटाळा आला. खरं म्हणजे पुसावासा वाटला नाही.

मी तीन आठवड्यांची रजा घेतली आहे. आमच्या वजनमापांच्या ऑफिसात सगळ्यांना नवल वाटलं. बाजारातल्या काट्यांवर शिक्के मारायला आता बाकीचे दोघं जातात.

या माणसाची एक पद्धत आहे. तो आधी घर मोजत नाही, माणूस मोजतो. ज्याला ओट्यापुढे उभं राहायचं त्याला भिंतीला टेकून उभं करतो, हात कोपरात वाकवायला लावतो आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरतो. त्यातून पाच इंच वजा केले की ओट्याची उंची. "भिंत कुठं पळून जात नाही, मॅडम," असं म्हणाला. "माणसाचं माप आधी."

पहिल्या दिवशी त्यानं पिशवीतून जुनी वही काढली. कोपऱ्यांना तेल लागलेली, रबर लावलेली. चार वर्षांपूर्वीचं पान त्याला लगेच सापडलं. "आजी. कोपर पस्तीस, ओटा तीस. हेच धरायचं ना?"

मी "हो" म्हणाले.

दाराच्या चौकटीजवळ त्यानं तेव्हा पेन्सिलीनं केलेली खूण अजून आहे. एक आडवी रेघ आणि शेजारी ३५. चार वर्षं मी रोज तिच्यावरून गेले आहे. गवंड्यानं पाणी भरलेली लांब नळी दोन्ही हातांत धरून ती उंची पलीकडच्या भिंतीवर नेली. नळीच्या एका टोकाचं पाणी जिथे थांबतं तिथेच दुसऱ्या टोकाचं थांबतं. तो एका टोकाशी, गडी दुसऱ्या टोकाशी, आणि दोघंही बराच वेळ न बोलता पाणी थांबायची वाट बघत होते. मीही बघत उभी राहिले. इतकी शांतता घरात बऱ्याच दिवसांत नव्हती. मग गवंडी म्हणाला, "घ्या, खुणा समोरासमोर आल्या," आणि पुन्हा ठोकाठोक सुरू झाली.

तुझी धाकटी


१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

आज काम अडलं. प्लंबर आला नाही. होऊन-जाईल म्हणतो, त्याच्या मेव्हण्याचं लग्न आहे. गवंडी म्हणाला, "गेल्या महिन्यातसुद्धा त्याच मेव्हण्याचं होतं."

"मग हे त्याचं दुसरं असेल."

"पहिलीला विचारलंय का?"

मी हसले. पडद्याआडून माझं हसणं त्यांना ऐकू गेलं असावं, कारण दोघंही एकदम गप्प झाले.

दहा दिवस सांगितले होते, तेरावा चालू आहे. मला घाई नाही. दिवसांना कडा राहिलेल्या नाहीत. पलंगावरून हात लांबवला की चहाची पातेली, पाय लांबवले की पिठाचा डबा. दुपारी डोळा लागतो. काल स्वप्नात घराला भिंती नव्हत्या, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. आई एका रेघेतून दुसऱ्या रेघेत जात होती, हातात रिकामं भांडं, घाईत अजिबात नाही. मी तिला म्हणत होते, दारातून ये, इथे भिंत आहे. ती म्हणाली, "कुठंय?" जागी झाले तेव्हा आत ठोकण्याचा आवाज चालू होता आणि मला क्षणभर वाटलं, ती काहीतरी कुटते आहे.

आता एक गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी कंत्राटदारानं आईची चौकशी केली तेव्हा मी काय सांगितलं ते. मी म्हणाले, "आई ताईकडे गेली आहे."

का, ते विचारू नकोस. ठरवून बोलले नाही. त्यानं वही उघडली होती, आईचं पान समोर होतं, आणि तोंडातून तेच बाहेर पडलं. एकदा बोलल्यावर मागे घेता आलं नाही. मग रोज सकाळी तो विचारू लागला.

"करमतं का आजींना तिकडं?"

"करमतं."

"थोरल्या बाईंचं स्वयंपाकघर मोठं आहे?"

"बेताचं आहे. पण ओटा बुटका आहे." तुझं स्वयंपाकघर मी पाहिलेलंसुद्धा नाही.

"मग तर त्या येणारच नाहीत लवकर!"

तेरा दिवस आई तुझ्याकडे आहे, ताई. खोटं सांगत नाही, मला बरं वाटतं. सकाळी मी विचार करते, आता ती तुझ्या खिडकीशी बसली असेल. तुझा पेपर आधी तिनं घेतला असेल आणि तू चिडली असशील. तुम्ही दोघी बोलता आहात. निदान या घराच्या हिशेबानं तुम्ही दोघी बोलता आहात.

तुझी धाकटी


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

आज सकाळी नवा दगड बसवला. काळा आहे, त्यात बारीक करडे ठिपके. चार माणसांनी आणला. दुपारी सिंक बसलं, नळाला पाणी आलं. पुढच्या कडेची घिसाई तेवढी राहिली.

होऊन-जाईल हात धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, आता आजींना बोलवा. उद्या-परवा."

मी म्हटलं, कशाला?

"ज्याचं माप, त्यानं उभं राहायचं. दोन्ही तळवे टेकायचे. त्याशिवाय मी कड घासत नाही. सव्वीस वर्षांत घासली नाही. एकदा एका म्हातारीला मुलानं खुर्चीतून उचलून आणलं होतं."

"नाही जमणार तिला."

"होऊन जाईल हो. मी गाडी पाठवतो. थोरल्या बाईंचा पत्ता द्या."

त्यानं खिशातून पेन काढलं. वहीचं तेच पान उघडलं. आणि मी त्याला सांगितलं. आई सप्टेंबरात गेली, ताईकडे नाही, कुठेच नाही, असं काहीतरी म्हणाले. नीट वाक्य झालं नाही.

तो सिमेंटच्या पोत्यावर बसला. बराच वेळ पेनचं टोपण लावत होता, ते लागत नव्हतं. गवंडी आतून म्हणाला, "काय झालं?" यानं हातानंच त्याला थांबवलं.

मग म्हणाला, "तुम्ही तीस इंचाला हो म्हणालात, मॅडम. तुम्ही मापाच्या खात्यातल्या. दुकानदाराला पाच ग्रॅम सोडत नाही तुम्ही लोक."

"माहीत होतं मला."

"तुमचा कोपर एकेचाळीसच्या खाली नाही. तुम्हाला हा ओटा गुडघ्याशी येणार."

"माहीत आहे."

तो उठला, आत गेला, दगडावर हात ठेवून परत आला. "खालचा सिमेंटचा मसाला ओला आहे अजून. दगड सुखरूप उचलता येईल. सहा इंच वर घेतो, खालच्या भिंती वाढवून. पण उद्या सकाळपर्यंत सांगा. नंतर तो निघणार नाही, फुटेल." जाताना दारात थांबला. "त्या दिवशी आजी मला म्हणाल्या होत्या, चाळीस वर्षं मी ओट्याकडे चढले, आता ओटा माझ्याकडे उतरतोय. फार हसवलं होतं त्यांनी."

हे वाक्य माझ्याही कानावर पडलं होतं, ताई. मी तेव्हा दारातच होते. आता तुला सांगायचं ते सांगते.

आई नको म्हणाली नव्हती.

त्या दिवशी मी ऑफिसातून सहाला आले. आई भिंतीला टेकून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ, कोपर वाकवून उभी होती आणि तो गुडघ्यावर बसून टेप वाचत होता. दोघंही हसत होते. आईनं मला बघून सांगितलं, "अगं, तुझ्या ताईनं पाठवलंय यांना!" तिचा चेहरा मला अजून दिसतो. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मला दहा दिवसांची धूळ दिसली. मला दिसलं की संध्याकाळचा स्वयंपाक मी करते आणि तो उंच ओटा मला अगदी बरोबर येतो, बाबांची उंची माझ्याकडे आली आहे. आणि सगळ्यात जास्त हे, की इतकी वर्षं त्या खोक्याशेजारी मी राहते, आणि ते खोकं दिसलं तुला, लांबून, एका फोनमध्ये.

मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि म्हणाले, आईचा विचार बदलला आहे, कळवू. आईला सांगितलं, त्याच्याकडे खूप कामं आहेत, सवडीनं येईल. आणि तुला लिहिलं, आईला नको आहे.

मग तुझा फोन आला. आठवतो? आईचे हात भरलेले होते, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता. तू तिला फाडफाड बोललीस. तुझ्यासाठी काही करायला जावं तर तुझं हे असतं, स्वतःचंही ऐकत नाहीस आणि दुसऱ्याचंही, आता पडलीस तर मला सांगू नकोस. आईनं माझ्याकडे बघितलं. मी गॅस बारीक करत होते. तो आधीच बारीक होता.

"हो गं," आई म्हणाली, "मलाच नको होतं. खोक्याची सवय झालीय."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा खोक्यावर चढली आणि भाजी ढवळू लागली. मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, पडल्यावर हॉस्पिटलातही नाही. तू आधी आठवड्यानं फोन करायचीस, मग महिन्यानं. ती म्हणायची, "कामात असेल." तीन वर्षं तू तिच्यावर रागावलीस. तो राग माझ्या वाट्याचा होता, तिनं तो अंगावर घेतला. आणि सप्टेंबरात तू दारात ते वाक्य बोललीस तेव्हाही मी तिलाच पुढे करून मागे उभी राहिले.

आई हट्टी नव्हती. तिनं तुझं ऐकलं होतं. तिला ओटा हवा होता.

हे पत्र आत्ता, पाचच्या आत, पेटीत टाकून येते. उद्यावर ठेवलं तर टाकणार नाही.

धाकटी


२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

तो आठलाच आला. मी म्हणाले, दगड राहू दे.

"वाकावं लागेल, मॅडम. पाठ जाईल."

"जाऊ दे."

"असं म्हणू नका. पाठ म्हणजे काय..." त्यानं डोकं खाजवलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणी आहे का त्या उंचीचं?"

मी म्हणाले, आहे, लांब असते. तू आईच्याच उंचीची. लहानपणी तुम्हा दोघींच्या मध्ये मी खांबासारखी दिसायचे.

"येतात?"

"माहीत नाही."

त्यानं टेप गुंडाळला. मग गवंड्याला म्हणाला, "स्टूल मोजून दे यांना." आणि मला, "तीस इंच म्हणजे टेबलाचं माप झालं. बसून करा कामं, कुणी सांगितलंय उभं राहायला?" हे मला सुचायला हवं होतं. जन्मभर मापं तपासली.

कड त्यानं घासलेली नाही. तशीच खरखरीत ठेवून गेला. "ज्याचं माप, त्याचे हात," म्हणाला. "मी जवळच राहतो. फोन केलात की अर्ध्या तासाचं काम आहे." रंगारी आला तेव्हा पेन्सिलीच्या खुणेभोवती चार बोटं जागा सोडायला सांगितली. तो म्हणाला, वाईट दिसेल. दिसू दे.

तुला एकच विचारते. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. भिंतीला टेकून उभी राहा, टाचा भिंतीला लावून, हात कोपरात वाकव. जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं?

धाकटी


१६ मार्च, रविवार

ताई,

तुझं कार्ड काल मिळालं. पत्ता तुझ्या अक्षरात पाहिला तेव्हा मी ते लगेच उलटलं नाही. भाजीच्या पिशवीत टाकून घरी आणलं, पिशवी रिकामी केली, भाजी निवडली, मग वाचलं.

"साडेचौतीस. वय झालं. संध्याकाळी मोजलं, सकाळी पावणेपस्तीस भरेल."

एवढंच आहे. मी ते सहा-सात वेळा वाचलं. खाली सही नाही, मजकूर नाही, येते किंवा येत नाही असं काही नाही. ते मी विचारलंही नव्हतं. मग टेप घेऊन खुणेपाशी गेले आणि तुझी रेघ आईच्या रेघेखाली काढली. अर्ध्या इंचाचं अंतर आहे. शेजारी आकडा घातला. टेप हातातच होता, म्हणून मग माझीही काढली, वर, एकेचाळीसला. सोडलेली जागा पुरली नाही, नव्या रंगावर गेली.

पडदा कधीच निघाला, पण दारातून जाताना मी अजून हात वर करते, तो बाजूला सारायला. धूळ मात्र सापडत राहते. परवा आईच्या चष्म्याच्या घरात सापडली. दुपारी पश्चिमेचं ऊन त्या काळ्या दगडावर येतं आणि करडे ठिपके खोल जातात, वरून विहिरीत बघावं तसे. मी स्टूल ओढून तिथेच बसते. पूर्वी त्या खोलीत बसायला जागाच नव्हती. कड हाताला लागते, बाही अडकते. राहू दिली आहे.

खोकं मी उलटं करून ओट्याखाली ठेवलं. त्यात कांदे-बटाटे बरोबर मावतात.

आता सात वाजायला आलेत. हे पत्र बंद करते. स्टुलावर बसून चार बटाटे सोलले, एक जास्तच झाला. सालं गोळा केली, ओटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसला, फडकं पिळलं आणि नळावर वाळत टाकलं.